गाठाळ सरपण कोयत्याने कसे फोडावे

वैशाख संपत आला की कोकणातल्या वाड्यांत आगोटीची कामे सुरू होतात आणि त्यांत सरपणाच्या बेगमीला पहिला मान असतो, कारण एकदा मृग बरसला की भिजलेले लाकूड दिवाळीपर्यंत मनासारखे वाळत नाही. घरात गॅसची शेगडी असली, तरी आंघोळीचे पाणी, उकड्या तांदळासाठी भात उकडणे आणि घरच्या कार्याचा स्वयंपाक ही कामे अजून कितीतरी घरी चुलीवरच होतात. सरळ रेषेचे लाकूड कोणीही फोडतो; ते भराभर फुटते, रचले जाते, आणि परसाच्या कोपऱ्यात उरतो तो गाठींच्या तुकड्यांचा ढीग. नवखा माणूस एकतर तो ढीग तसाच कुजू देतो, किंवा कुऱ्हाड घेऊन त्याच्यावर तुटून पडतो आणि पाऊण तासाने घामाघूम होऊन मूठभर ढलप्या घेऊन परततो.

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा आमच्या परसातला जुना आंबा, एक फणस आणि दोन जांभळी आडव्या झाल्या. खोडे कापून गेली. उरल्या त्या फांद्यांच्या बेचक्या आणि गाठाळ बुंधे. पुढचे दोन उन्हाळे मी ते लाकूड कोयत्याने फोडत होतो, आणि या लेखात जे लिहिले आहे ते बहुतेक त्या ढिगानेच शिकवले आहे. त्यातली मुख्य गोष्ट आधीच सांगतो: गाठीचे लाकूड ताकदीने फुटत नाही, ते वाचून फोडावे लागते, आणि कोयता हाताशी असला की ते वाचायला सवड मिळते.

या पद्धतीत कोयता उगारून मारायचा नसतो. धार लाकडाच्या तोंडावर नेमक्या जागी टेकवायची आणि कोयत्याच्या पाठीवर लाकडी दांडक्याने ठोके द्यायचे, म्हणजे पाते पाचरीसारखे आत उतरते आणि लाकूड दोन्ही अंगांना सरते. रानावनात भटकंती करणारी तरुण मंडळी याला बॅटनिंग म्हणतात. आमच्याकडे नुसते ‘ठोकून फोडणे’ म्हणतात. कुऱ्हाडीचा नेम चार बोटे चुकला तर पाय जातो, आणि गाठाळ लाकडावरून कुऱ्हाड निसटण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. ठोकून फोडताना धार आधीच जागेवर असते, त्यामुळे नेम चुकण्याचा प्रश्नच उरत नाही. मात्र या पद्धतीला मर्यादा आहे. मनगटापासून पोटरीएवढ्या जाडीपर्यंत, म्हणजे साधारण 12 सेंटिमीटर व्यासापर्यंतचे तुकडे कोयत्याचे. त्याहून जाड ओंडका कुऱ्हाडीने आणि लोखंडी पाचरीने आधी चौफाळून घ्यावा.

कोयता निवडताना घाई करू नये. ऊसतोडीचा कोयता या कामाला चालत नाही, कारण त्याचे पाते पातळ असते आणि ठोक्याखाली ते वाकते. घरातली सुरी तर अजिबात वापरू नये. लागतो तो लोहाराने घडवलेला जाड पाठीचा कोयता: पाते 25 ते 30 सेंटिमीटर लांब, पाठ किमान 5 ते 6 मिलिमीटर जाड, आणि पाठीकडून धारेकडे एकसारखे उतरत गेलेले पोट. आमच्या भागातले लोहार ट्रकच्या जुन्या कमानपाट्यांपासून असे कोयते घडवतात; ते पोलाद ठोके सोसणारे असते. विकत घेताना मूठ नीट पाहावी. पात्याची शेपटी मुठीतून आरपार येऊन मागे वळवलेली असावी. अर्ध्यातच संपलेली शेपटी आठवडाभराच्या ठोकाठोकीत ढिली होते आणि एके दिवशी पाते मुठीतून सुटून येते. कोकणी कोयत्याला पुढे चोच असते. फांद्या ओढायला आणि झुडपे सवळायला ती फार सोयीची, पण ठोकताना चोचीच्या वळणावर ठोका बसला की पाते आडवे फिरते. म्हणून चोचीचा कोयता असेल तर ठोके नेहमी सरळ भागावर द्यावेत आणि त्या मानाने बारीक तुकडे घ्यावेत. सगळे सरपण ठोकूनच फोडायचे असेल, तर लोहाराला सांगून सरळ टोकाचा कोयता करून घ्यावा.

धार वस्तऱ्यासारखी नको. पातळ धार गाठीला लागली की तिचा दात उडतो आणि पात्यावर चंद्रकोरीसारखी खाच पडते. कानशीने आधी खाचा काढाव्यात, मग निसण्यावर पाणी टाकून पाजळावे आणि धारेमागे थोडे जाडसर पोट राखावे. अंगठ्याच्या नखावर आडवी टेकवली असता धार घसरली नाही, तर तेवढी तीक्ष्णता पुरते. एक गोष्ट कटाक्षाने टाळावी: पात्याला चिकटलेला चीक जाळण्यासाठी कोयता चुलीत धरू नये. धारेवर निळसर छटा आली की लोहाराने दिलेले पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरले असे समजावे. मग तो कोयता कितीही पाजळला तरी धार टिकत नाही. चीक काढायला खोबरेल तेलाचा बोळा आणि थोडी राख पुरते.

ठोकायचे दांडके हा दुर्लक्षित राहणारा भाग आहे. हातोडी वापरायची नाही, हे पहिले. लोखंडावर लोखंड आदळले की कोयत्याची पाठ चेपून फुलते, तिला धारदार कडा येतात आणि त्यांचे कण उडून डोळ्यात जाऊ शकतात. दांडके लाकडाचेच हवे: हातभर लांब, आपल्या मनगटाएवढे जाड, आणि धरण्याच्या टोकाला जरा तासून बारीक केलेले. बाभळीचे किंवा चिंचेचे उत्तम. चिंचेचे लाकूड सहसा चिरत नाही. खाटकाच्या दुकानात मटण तोडायचा ठोकळा चिंचेचाच का असतो, याचे कारण तेच आहे. तसाच चिंचेचा बुटका ठोकळा खाली आधाराला मिळाला तर सोने समजावे. तो गुडघ्याच्या थोडा खाली येईल इतका उंच असावा. जमिनीवर किंवा फरशीवर लाकूड ठेवून फोडले तर शेवटच्या ठोक्याला धार थेट दगडमातीत जाते.

आता बसण्याविषयी. नवखे लोक ठोकळा दोन्ही मांड्यांच्या मधे घेऊन पाटावर बसतात. हे कधीही करू नये. मांडीच्या आतल्या बाजूने मोठी रक्तवाहिनी जाते आणि तिथे झालेली जखम मिनिटांत जीवघेणी ठरू शकते. ठोकळ्यासमोर दोन्ही गुडघे टेकून बसावे, ठोकळा गुडघ्यांच्या पुढे हातभर अंतरावर असावा, आणि लाकूड ठोकळ्याच्या पलीकडच्या अर्ध्या भागावर उभे करावे, म्हणजे पाते निसटले तरी ते ठोकळ्यातच रुतते. पायांत बंद पादत्राणे, डोळ्यांवर साधा चष्मा तरी, आणि दहा पावलांच्या आत मूल किंवा कोंबडी नको. ढिगातले लाकूड उचलण्यापूर्वी काठीने हलवून पाहावे. सरपणाच्या ढिगात विंचू असतो, आणि कोकणात फुरसेही असते. ते इतके लहान आणि मातकट असते की हात घालेपर्यंत दिसत नाही.

इतकी तयारी झाली की तुकडा हातात घ्यावा आणि दांडके खाली ठेवावे. आता नुसते पाहायचे आहे.

गाठ म्हणजे फांदीचे मूळ. फांदी खोडाच्या गाभ्यापासूनच निघते आणि खोड वर्षानुवर्षे जाड होताना तिला वेढून घेत जाते. म्हणून लाकडाच्या आत गाठ शंकूसारखी असते, तिचे टोक गाभ्याशी आणि रुंद तोंड सालीकडे. खोडाचे तंतू उभे जातात, गाठीचे तंतू त्यांना आडवे जातात, आणि खोडाचे तंतू गाठीपाशी येऊन, नदी खडकाला वळसा घालते तसे, तिच्या दोन्ही अंगांनी वळतात. लाकूड तंतूंच्या दिशेने सहज चिरते, तंतू तोडत आडवे चिरत नाही. एवढे लक्षात आले की पुढचे सगळे आपोआप उलगडते.

तुकड्याच्या कापलेल्या तोंडावर मधोमध गाभ्याचा ठिपका दिसतो. सालीवर गाठ कुठे आहे ते पाहावे; साल शाबूत असेल तर गाठीच्या वर भुवईसारखी एक सुरकुती दिसते, तिच्यावरून आत गाठ असल्याचे कळते. आता गाभ्याच्या ठिपक्यापासून गाठीच्या दिशेने तोंडावर एक रेघ मनात ओढावी, किंवा सुरुवातीला कोळशाने प्रत्यक्षच ओढावी. या रेघेवर धार टेकवली तर पाते गाठीच्या शंकूला टोकापासून तोंडापर्यंत उभे दुभागते, म्हणजे गाठीच्याही तंतूंच्या दिशेनेच जाते. ही सर्वांत सोपी वाट. रेघेला काटकोनात धार टेकवली आणि पाते गाठीवरून जाऊ लागले, तर गाठीचे सगळे तंतू आडवे तोडावे लागतात, आणि तिथेच नवख्यांचे हात दुखून येतात.

क्रम असा ठेवावा. गाठ ज्या अंगाला आहे त्याच्या विरुद्ध अंगाने सुरुवात करावी. तिथले लाकूड सरळ असते, म्हणून कडेपासून दोन बोटांवर धार टेकवून एक-दोन फळ्या काढून घ्याव्यात. मधोमध फोडण्याचा मोह टाळावा. कडेच्या फळीला सरायला मोकळी जागा असते, मधल्या चिरेला दोन्ही बाजूंनी लाकूड दाबत राहते. विरुद्ध बाजू आणि दोन्ही कुशी उतरल्या की हातात एक आटोपशीर तुकडा उरतो, ज्यात गाभा आणि गाठ एवढेच असते. तो उभा करताना गाठीपासून लांबचे टोक वर ठेवावे, म्हणजे पाते गाठीला भिडण्यापूर्वी चीर चांगली उघडलेली असते.

धार रेघेवर टेकवून डाव्या हाताने मूठ धरावी, आणि लाकडाला हात लावू नये. तुकडा उभा राहत नसेल तर जुन्या सायकलच्या ट्यूबचे कडे कापून त्याच्याभोवती चढवावे किंवा सुंभाने सैलसर बांधावे. फुटल्यावरही दोन्ही भाग जागेवर राहतात आणि खाली वाकून ते गोळा करण्याचा वेळ वाचतो. मूठ घट्ट आवळू नये. पहिले दोन-तीन ठोके हलके, पात्याच्या मधल्या भागावर, नुसती धार बसवण्यापुरते. पाते पाठीपर्यंत लाकडात गेले की मधे ठोकता येत नाही; मग लाकडाच्या पलीकडे पात्याचे जे टोक बाहेर राहते त्यावर ठोके द्यायचे. म्हणूनच पाते तुकड्याच्या जाडीपेक्षा किमान चार-पाच बोटे लांब लागते. टोकावर ठोका देताना मूठ उचलली जाते. ती दर ठोक्याला किंचित खाली दाबून पाते आडव्या पातळीत ठेवावे, तिरके होऊ देऊ नये. मुठीवर किंवा मुठीजवळच्या भागावर ठोका कधीच देऊ नये.

कान उघडे ठेवावेत. सरळ लाकडात पाते उतरत असताना ठोक्याचा आवाज दर खेपेला थोडा बदलत जातो आणि मधूनच चर्र असा चीर पुढे धावल्याचा आवाज येतो. धार गाठीला लागली की हे थांबते. आवाज ठप्प होतो, दांडके उसळून परत येते आणि मुठीतल्या हाताला झिणझिण्या येतात. या क्षणी दुप्पट जोराने ठोकणे ही सर्वांत मोठी चूक आहे. कोयत्यांच्या बहुतेक मुठी आणि धारा याच क्षणी जातात. थांबावे आणि चिरेकडे पाहावे. चीर गाठीच्या मधून जात असेल तर बेताचे, सारख्या जोराचे आठ-दहा ठोके देऊन पाहावेत. बहुधा गाठ हळूहळू मान टाकते. चीर गाठीच्या कडेने वळत असेल तर तिला वळू द्यावे. लाकूड आपल्याला वाट दाखवत असते, आणि तुकडे वेडेवाकडे निघाले तरी चुलीला त्याचे काही नसते.

चीर अडूनच राहिली तर पाचरी काढाव्यात. वाळलेल्या बाभळीच्या वीतभर फाळींना एका टोकाला लांबसर उतार देऊन अशा तीन-चार पाचरी आधीच तासून ठेवाव्यात; आखूड, बोथट उताराची पाचर उसळून बाहेर येते. पात्याने उघडलेल्या चिरेत, पात्याच्या शेजारी पाचर बसवून ठोकावी. चीर रुंदावते, कोयता सैल होतो आणि हाताने उचलून काढता येतो. मग तुकडा उलटा करून, दुसऱ्या तोंडावर त्याच रेघेत धार टेकवून खालून येणाऱ्या चिरेला वरून गाठावे. कोयता अडकला असताना त्याला डावी-उजवीकडे हिसके देणे, किंवा अडकलेल्या लाकडासकट तो उचलून ठोकळ्यावर आपटणे, हे दोन्ही वर्ज्य. पहिल्याने पाते वाकते, दुसऱ्याने लाकूड उडून तोंडावर येते. माझ्या पहिल्या कोयत्याचे पाते मी असाच हिसका देऊन वाकवले. लोहाराने ते सरळ केले, पण त्या जागी धार पुन्हा कधी नीट बसली नाही.

बेचकी फोडण्याची रीत थोडी वेगळी आहे. दोन फांद्या जिथे फुटतात त्या जागेचे तंतू एकमेकांत विणल्यासारखे असतात, त्यामुळे दोन फांद्या एकमेकींपासून फाकवून वेगळ्या करण्याचा प्रयत्न सहसा फसतो. त्याऐवजी बेचकी उलटी, बुडखा वर करून उभी करावी आणि पाते असे टेकवावे की ते दोन्ही फांद्यांच्या गाभ्यांमधून जाईल, म्हणजे प्रत्येक फांदी उभी दुभागेल. काम वेळखाऊ असते, पण फुटते. लांब बेचकी मात्र करवतीने आधी वीत-दीड वीत लांबीची करून घ्यावी. गाठाळ लाकडाची लांबी कमी केली की निम्मे कष्ट वाचतात.

कोणते लाकूड कधी फोडावे, हे अनुभवाने कळत जाते, तरी थोडे सांगतो. आंबा सरळ असेल तर लोण्यासारखा फुटतो, पण त्याचा ओला चीक कातडीवर उततो, म्हणून बाह्यांचा सदरा घालावा. जांभूळ आणि फणस यांचे तंतू एकमेकांत गुंतलेले असतात. दोन्ही कडेकडेने फळ्या काढतच फोडावेत. निलगिरीचे लाकूड पिळाचे असते आणि वाळले की हट्टाला पेटते, म्हणून ते ओले असतानाच फोडून टाकावे. बाभळीचेही तसेच, तोडल्यापासून महिना-दीड महिन्यात फोडली तर कोयता ऐकतो, वर्षभर वाळलेल्या बाभळीवर धार फक्त ओरखडे काढते. बिब्ब्याचे लाकूड सरपणात येऊच देऊ नये. त्याच्या चिकाने अंगावर फोड उठतात आणि धूरही बाधतो. झाड ओळखता येत नसेल तर वाडीतल्या जाणत्या माणसाला विचारूनच रानातले लाकूड घरी आणावे.

उभ्या झाडाच्या बाबतीत कायदा माहीत असावा. आंबा, फणस, खैर, ऐन, किंजळ, जांभूळ अशी झाडे महाराष्ट्रात 1964 च्या वृक्षतोड अधिनियमाच्या अनुसूचीत येतात, त्यामुळे झाड आपल्या बांधावरचे असले तरी परवानगीवाचून तोडता येत नाही. कोयता शहरातून गावी नेताना तो गोणपाटात गुंडाळून, सुतळीने बांधून, सामानाच्या तळाशी ठेवावा. केवळ घरगुती किंवा शेतीच्या कामासाठी बनवलेली अवजारे 1959 च्या शस्त्र कायद्यातल्या शस्त्रांच्या व्याख्येत येत नाहीत, पण एस.टी.च्या गर्दीत उघडे पाते घेऊन बसलेला माणूस पाहून कोणी घाबरले तर त्यात त्यांचा दोष नाही.

काम संपले की पाते फडक्याने कोरडे करावे, तेलाचा हात फिरवावा आणि कोयता आकडीला अडकवून उंच ठेवावा. ठोकळ्यात रुतवून बाहेर ठेवलेला कोयता रात्रीच्या दवाने गंजतो आणि अंधारात त्याच्यावरून कोणी ठेचकाळते. फोडलेले लाकूड पडवीत किंवा पत्र्याखाली, जमिनीपासून वीतभर उंच ओंडक्यांवर रचावे. सालीची बाजू वर आणि फुटलेली बाजू खाली ठेवली तर पावसाचे तुषार सालीवरून निथळून जातात. गाठाळ तुकड्यांची रास वेगळी करावी, कारण त्यांचा उपयोग वेगळा आहे.

आणि काही गाठी फुटणारच नाहीत. तीन खेपा रेघ बदलून, दोन्ही तोंडांनी, पाचरीसह प्रयत्न करूनही जी गाठ हलत नाही ती सोडून द्यावी. गाठीचे लाकूड बाकीच्या लाकडापेक्षा घट्ट असते, त्यामुळे ते उशिरा धरते, पण एकदा धरले की त्याचा निखारा लवकर विझत नाही. आमच्याकडे अशा न फुटलेल्या मुठीएवढ्या गाठी आंघोळीच्या चुलीसाठी राखून ठेवतात. रात्री निजताना एक गाठ निखाऱ्यांत सरकवून वर राख ओढून ठेवली, तर पहाटे राख बाजूला केल्यावर ती आत लाल असते. तिच्यावर चार काटक्या आणि मूठभर पातेरा टाकून फुंकणीने दोन फुंकरा घातल्या की काडेपेटी शोधावी लागत नाही.